वन फोर झिरो कोणाचं? चरखी दादरीचं प्रकरण, खुर्च्या मांडून

संभाजीनगरात विमान अपघाताचं नाव काढलं की पन्नाशीपुढच्या माणसाला एकच दिवस आठवतो, २६ एप्रिल १९९३. चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ बीड रोडवरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांत अडकून कोसळलं आणि ११८ पैकी ५५ माणसं गेली. त्यामुळे एटीसीच्या, म्हणजे विमानांना वायरलेसवरून वाट सांगणाऱ्या कंट्रोलरच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना ‘एक प्रकरण सविस्तर लिहून आणा’ म्हटलं की निम्म्या वह्यांत हेच येतं. घरातल्या कोणी ना कोणी तो धूर पाहिलेला असतो. मी ते बाजूला ठेवायला सांगतो. तिथे विमान उशिरा उचललं गेलं आणि विमानाच्या वेळेला रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नव्हती. बोलण्या-ऐकण्यातून घडलेला तो अपघात नव्हे. ज्यांना उद्या हेडसेट लावून पोट भरायचंय त्यांनी तीन वर्षांनंतरचं, हरियाणातलं चरखी दादरीचं प्रकरण घ्यावं.

अभ्यासिकेत येणारी ही मुलं फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी झालेली, नाहीतर इंजिनिअर. सिल्लोड, परतूर, अंबाजोगाई, वसमत, कुठकुठून येतात आणि टीव्ही सेंटरच्या आसपास खोली करून राहतात. लेखी परीक्षेत ती कोणाला हार जात नाहीत. धास्ती असते ती व्हॉइस टेस्टची आणि एकूणच इंग्रजीची. चरखी दादरीबद्दल त्यांनी कुठेतरी एक ओळ वाचलेली असते, की कझाक वैमानिकांना इंग्रजी नीट येत नव्हतं म्हणून टक्कर झाली. ओळ खरी आहे, चौकशीतही ते आलं आहे. पण आपल्याकडची मुलं तिच्यातून भलताच धडा घेतात. आपलं इंग्रजी कच्चं, म्हणजे आपणच धोक्याचे, असं त्यांना वाटायला लागतं. त्या संध्याकाळी नेमकं काय बोललं गेलं ते ओळीओळीने मांडलं तर प्रकरण निराळंच दिसतं. कॉकपिटमधल्या ज्या माणसाचं काम इंग्रजी बोलण्याचं होतं, त्याला शेवटी सगळं बरोबर समजलेलं होतं.

दिल्लीचं आकाश, १९९६

तारीख १२ नोव्हेंबर १९९६, वार मंगळवार. सौदी अरेबियन एअरलाइन्सचं ७६३ क्रमांकाचं बोइंग ७४७ संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दिल्लीहून निघालं. आत ३१२ माणसं, बरीचशी आखातात कामाला निघालेली. त्याच वेळी कझाकस्तान एअरलाइन्सचं १९०७ हे इल्युशिन ७६ चिमकेंटहून येऊन दिल्लीकडे उतरत होतं. त्यात ३७.

राजधानीभोवतीचं बरंचसं आकाश तेव्हा हवाई दलाच्या ताब्यात होतं. नागरी विमानांना ये-जा करायला एकच चिंचोळी वाट. येणाऱ्यानेही तिथूनच यायचं, जाणाऱ्यानेही तिथूनच जायचं. त्यामुळे दोन विमानं समोरासमोर असणं हा त्या वाटेवरचा रोजचा शिरस्ता होता, आणि त्यांना वेगळं ठेवायचं ते फक्त उंचीने. एकाला १४,००० फूट दिले तर दुसऱ्याला १५,०००. मधले हजार फूट म्हणजे साधारण ३०५ मीटर. नियमाने एवढं पुरतं, आणि दोघेही आपापल्या जागी राहिले तर खरोखरच पुरतं. वायरलेसवर या उंच्या शेवटची दोन शून्यं गाळून सांगतात. १५,००० फूट म्हणजे लेव्हल वन फाइव्ह झिरो, १४,००० म्हणजे वन फोर झिरो.

दुसरी गोष्ट रडारची, आणि ही जास्त महत्त्वाची. दिल्लीचा अप्रोच कंट्रोलर ज्या पडद्यावर काम करत होता तो प्रायमरी रडारचा होता. प्रायमरी रडार लहरी सोडतं, त्या विमानावर आपटून परत येतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो. विमान कुठल्या दिशेला आणि किती लांब आहे एवढं त्यावरून कळतं, उंची कळत नाही. सेकंडरी रडार विमानातल्या ट्रान्सपॉन्डरला विचारणा करतं आणि उत्तरात उंचीही मागवून घेतं. ते दिल्लीत तेव्हा वापरात आलेलं नव्हतं. म्हणजे कंट्रोलरपुढे दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते आणि कोण किती उंचीवर आहे, याचा वैमानिकाने तोंडाने सांगितलेल्या आकड्याशिवाय दुसरा पुरावा त्याच्याकडे नव्हता. तो आकडा स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर लिहायचा आणि पुढचा सगळा हिशेब त्या लिहिलेल्या आकड्यावर करायचा.

दोन्ही विमानांत टक्कर टाळण्याची यंत्रणा, म्हणजे समोरचं विमान जवळ येतंय म्हणून आपणहून ओरडणारं उपकरणही नव्हतं.

काय बोललं गेलं

मूळ संभाषण इंग्रजीत आहे. इथे आशय देतो, आकडे तसेच ठेवतो.

कझाक विमान दिल्लीपासून ७४ मैलांवर होतं तेव्हा कंट्रोलरने त्याला लेव्हल १५० पर्यंत उतरायला आणि तिथे पोचल्यावर कळवायला सांगितलं. सौदी विमान खालून वर येत होतं. त्याला आधी १००, मग १४० दिली. ते १४० च्या जवळ आलं आणि आणखी वर जायची परवानगी मागू लागलं. कंट्रोलर म्हणाला, १४० वरच राहा, पुढची उंची नंतर देतो. समोरून कझाक येतंय हे त्याला माहीत होतं. ते निघून गेल्यावर सौदीला वर काढायचं, असा त्याचा साधा, बरोबर हिशेब होता. सौदी विमान १४० वर थांबलं आणि शेवटपर्यंत तिथेच होतं.

मग कझाक विमानाकडून निरोप आला: लेव्हल १५० गाठली, दिल्ली ४६ मैल.

कंट्रोलर: १५० कायम ठेवा. अगदी समोरून, उलट दिशेने सौदीचं ७४७ येतंय. दिसलं की सांगा.

कझाक: किती मैल?

कंट्रोलर: १४ मैल.

उत्तर आलं नाही, म्हणून कंट्रोलरने पुन्हा सांगितलं: १३ मैलांवर आहे, लेव्हल १४०.

कझाक: बघतोय, १९०७.

बस्स. वायरलेसवर यानंतर कझाक विमानाचा आवाज नाही. समोरासमोर येणाऱ्या दोन जेट विमानांना १३ मैल म्हणजे जेमतेम एका मिनिटाचं अंतर. ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास इल्युशिनच्या शेपटीने ७४७ चा डावा पंख कापला. ३४९ पैकी एकही जगलं नाही. हवेत दोन विमानांची टक्कर होऊन इतकी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती, नंतरही नाहीत. कंट्रोलरच्या पडद्यावरचे दोन ठिपके एकत्र आले आणि नाहीसे झाले. थोड्या वेळात दिल्लीकडे येणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या एका मालवाहू विमानाने ढगात मोठा नारिंगी उजेड दिसल्याचं कळवलं.

आता वरची देवघेव पुन्हा वाचा. यात अवघड इंग्रजी कुठे आहे? ‘मेंटेन’, ‘ट्रॅफिक’, ‘रिपोर्ट’, ‘माइल्स’. परतूरच्या शाळेत मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलालाही अडू नयेत असे शब्द. व्याकरण तर जवळजवळ नाहीच. आहेत ते आकडे: १५०, १४, १३, १४०. त्यातला एक आकडा हुकूम होता (१५० कायम ठेवा), दोन अंतराचे होते आणि चौथा माहितीचा होता, ‘तो दुसरा १४० वर आहे’. चारही एकाच आवाजात, एकाच चालीत आले. आणि कानावर पडलेला शेवटचा आकडा होता १४०.

त्यावर आलेलं उत्तर पाहा: ‘बघतोय’. नियमाने हे उत्तर चालतं. उंची, दिशा, धावपट्टी असे हुकूम वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायचे असतात. यालाच रीडबॅक म्हणतात आणि कंट्रोलरने तो कान देऊन ऐकायचा असतो. दुसऱ्या विमानाबद्दलची माहिती मात्र परत म्हणावी लागत नाही. ‘बघतोय’, ‘दिसलं’, ‘नाही दिसत’ एवढं पुरतं. म्हणजे १४० या आकड्याचं त्या कॉकपिटमध्ये काय झालं, हे कंट्रोलरला कळायची सोय त्या उत्तरात नव्हती.

वसमतच्या एका मुलीने इथे मोंढ्याची आठवण काढली. तिचे वडील हळद घेऊन हर्राशीला जातात. बोली लागली की हर्रास करणारा ती मोठ्याने परत म्हणतो, मग पुढे सरकतो. भाव चुकीचा ऐकला असेल तर तिथल्या तिथे चार जण ओरडतात. मग विमानात असं का नाही, असा तिचा प्रश्न. मी म्हणालो, विमानातही तसंच आहे, पण बोलीला. पलीकडच्या ढिगाला काय भाव लागला हे कोणी सांगितलं तर ते परत म्हणायची पद्धत मोंढ्यातही नाही. तिला ते पटलं असावं, निदान त्या दिवशी.

रेडिओवाल्याची खुर्ची

इथपर्यंत आलं की बहुतेक जण पेन ठेवतात: १४० हा आकडा हुकूम समजून कझाक विमान खाली गेलं, संपलं. माझ्या मते खरं प्रकरण इथून पुढे सुरू होतं.

इल्युशिन ७६ हे सोव्हिएत बनावटीचं विमान. कॉकपिटमध्ये पाच माणसं: कॅप्टन, सहवैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर आणि रेडिओ ऑपरेटर. आज एअरबसमध्ये दोघे असतात. एक उडवतो, दुसरा बोलतो, आणि दोघांपुढेही तेच आकडे असतात. इल्युशिनमध्ये जमिनीशी इंग्रजीत बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं. तो वैमानिकांच्या मागे बसायचा, आणि त्याच्यापुढे उंची दाखवणारं उपकरण नव्हतं. विमान किती उंचीवर आहे हे बघायचं तर त्याला पुढे वाकून वैमानिकांच्या खांद्यावरून त्यांच्या पॅनेलवर नजर टाकावी लागे.

हे वाक्य वर्गात वाचून दाखवलं तर मुलं माना डोलावतात आणि पुढच्या पानावर जातात. म्हणून मी खुर्च्या मांडतो. पुढे दोन, मागे एक. पुढच्या दोघांसमोर पुठ्ठ्याची तबकडी. तिच्यावर खिळ्याला अडकवलेला काटा, बाजूला खडूने १६०, १५०, १४०. मागच्या खुर्चीवर वही-पेन आणि जुना हेडफोन. कंट्रोलर मी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून. पुढच्यांना सांगितलेलं असतं की काटा हळूहळू खाली आणत राहा आणि मागचा सांगेल तिथे थांबवा.

एका बॅचला मागच्या खुर्चीवर हिंगोलीचा मुलगा होता, इंग्रजी उत्तम, बोलणं स्वच्छ. पहिला हुकूम त्याने नीट परत म्हटला आणि पुढच्यांना मराठीत सांगितला. मी समोरच्या विमानाची माहिती सांगायला लागलो तसा तो मान खाली घालून लिहायला लागला, मैल लिहिले, लेव्हल लिहिली, मला उत्तर दिलं, पुन्हा लिहिलं. पुढच्या खुर्चीवरचा सिल्लोडचा मुलगा हेडफोनशिवायही माझा आवाज ऐकत होता, खोली केवढीशी. ‘वन फोर झिरो’ ऐकताच त्याच्या हाताने काटा सरकवला. मुद्दाम केलं नव्हतं, नंतर विचारलं तेव्हा त्याला आठवतही नव्हतं. मागच्याने मान वर केली तेव्हा काटा १४० आणि १५० च्या मधोमध होता. तो ओरडला, “अरे, वर घे, वर घे!”

मग खोलीत थोडा गलका झाला आणि त्यातून हिंगोलीच्याच मुलाचा प्रश्न आला, “सर, पण रेडिओवाल्यापुढं मीटर कामून नव्हता?”

कारण त्याचं काम उडवायचं नव्हतं. विमानाची रचना करणाऱ्यांनी बोलणं आणि उडवणं ही दोन वेगळी कामं धरली आणि दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसवली. त्यांच्या देशातल्या आकाशात ते चालतही होतं. तिथे कंट्रोलर, रेडिओ ऑपरेटर आणि कॅप्टन तिघेही रशियनच बोलत, त्यामुळे कॅप्टन स्वतःच्या कानाने ऐकून खात्री करून घेऊ शके. दिल्लीत ती दुसरी खात्री गळून पडली. इंग्रजी समजणारा माणूस काटा बघू शकत नव्हता आणि काटा बघणाऱ्यांना इंग्रजीतले मुख्यतः आकडेच कळत होते. त्यातही त्यांची सवय मीटरची. कझाकस्तानसह त्या सगळ्या टापूत उंची मीटरमध्ये देत. १५,००० फूट म्हणजे ४,५७२ मीटर आणि १४,००० म्हणजे ४,२६७. दिल्लीत शिरताना हे रूपांतर करत बसायचं. अशा वैमानिकांचा आकड्यांत गोंधळ होतो, ही तक्रार भारतीय कंट्रोलर आधीपासून करत होते.

टक्करीच्या अगदी आधीचं कॉकपिटमधलं बोलणं टेपवर आहे. त्यात आपल्याला कोणती लेव्हल दिली आहे यावर विचारणा होते, आणि रेडिओ ऑपरेटर सांगतो की १५० वर या, १४० वर तो दुसरा आहे. म्हणजे आकड्याचा मालक कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचं ऐकून कॅप्टनने इंजिनांना जोर दिला, विमान वर निघालं, आणि वर येतायेताच त्याची शेपटी ७४७ च्या पंखाला भिडली. चढायला लागलं नसतं तर ते बहुधा खालून निसटलं असतं, असंही जाणकार म्हणतात. यावर वर्गात फार चर्चा होऊ देत नाही. नशिबाचा हिशेब काढायला बसलं की मुलं शिकायची थांबतात.

मात्र एक बारकावा सोडू नये. ‘लेव्हल १५० गाठली’ हा निरोप मागच्या खुर्चीवरून गेला होता. आकडा बरोबर होता, उच्चार बरोबर होता, कंट्रोलरने स्ट्रिपवर १५० लिहून ठेवलं तेही बरोबर होतं. फक्त विमान १५० वर थांबलेलं नव्हतं. रीडबॅक किंवा असा निरोप यातून कळतं ते हुकूम कानापर्यंत पोचल्याचं. हातापर्यंत पोचला का, हे सांगायला कॉकपिटमध्ये दुसरी तजवीज लागते: उंची जवळ आली की हजार फूट आधी मोठ्याने म्हणायचं, पोचल्यावर पुन्हा म्हणायचं, दुसऱ्याने काटा बघून हो म्हणायचं. त्या कॉकपिटमध्ये असं नेमून दिलेलं बोलणं नव्हतं, हेही चौकशीत पुढे आलं.

चौकशी आणि नंतर

चौकशी आयोग दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांचा, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. आयोगाने मूळ कारण कझाक विमानाने परवानगीशिवाय १५० सोडून खाली येणं हे ठरवलं. त्यामागे इंग्रजी अपुरं असल्याने सूचनेचा चुकीचा अर्थ, कॉकपिटमधला ढिसाळ समन्वय, कॅप्टनचं नेतृत्व कमी पडणं, असं सगळं मांडलं. कझाक बाजूने ढगांतल्या हेलकाव्यांमुळे विमान खाली गेल्याचा दावा झाला होता, तो टिकला नाही.

पुढचे बदल भराभर सांगतो, परीक्षेत ते एका गुणाचे असतात. दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सेकंडरी रडार वापरात आलं. भारताच्या आकाशात उडणाऱ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. आंतरराष्ट्रीय पातळीवर इंग्रजीची सहा पायऱ्यांची मोजणी आली. वैमानिक आणि कंट्रोलर दोघांनाही किमान चौथी पायरी लागते, आणि २००८ पासून ती लागू करायला सुरुवात झाली. मुलांनी ती चौथी पायरी एकदा नीट वाचावी. तिच्यात ऑक्सफर्डचा उच्चार मागितलेला नाही. मातृभाषेची छाप असली तरी चालते, समजण्यात अडथळा आला तर कधीमधीच आला पाहिजे एवढंच. आणि समजलं नाही तर विचारून, पडताळून घेता आलं पाहिजे. ‘विचारून घेता येणं’ हे त्यात कौशल्य म्हणून लिहिलेलं आहे. आपल्याकडे शाळेत दुसऱ्यांदा विचारलं की ‘लक्ष कुठं होतं?’ ऐकावं लागतं, त्यामुळे ही सवय मोडायला वेळ जातो. टॉवरशी फोनवर बोलायचा सराव करताना मुलं आकडा अर्धवट ऐकला तरी ‘येस सर, येस सर’ म्हणून मोकळी होतात. मी तिथे टोकतो आणि त्यांना राग येतो. येऊ दे.

जाता जाता आणखी एक. वैमानिक आणि कंट्रोलर ज्या व्हीएचएफ वायरलेसवर बोलतात तिथे एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर तिसऱ्याच्या कानात नुसती शिट्टी वाजते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात हेच झालं. निघालेल्या विमानाला टॉवरने ‘थांबा’ म्हणणं आणि दुसऱ्या विमानाने ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ म्हणणं, ही बोलणी एकमेकांवर चढली आणि ५८३ माणसं गेली. ते प्रकरण आवाज न पोचण्याचं. चरखी दादरीत प्रत्येक शब्द स्वच्छ पोचला होता. दोन्ही प्रकरणं ‘वायरलेसवरचा गोंधळ’ या एकाच मथळ्याखाली लिहून आणलेली वही मी परत करतो.

कंट्रोलरची बाजू

शेवटचा मुद्दा वर्गात मिटलेला नाही, तो तसाच लिहितो.

कंट्रोलरने नियम मोडला नाही. १५० दिली, पोचल्याचा निरोप घेतला, ‘कायम ठेवा’ असं पुन्हा बजावलं, समोरच्या विमानाची माहिती न विचारता दिली. पडद्यावर उंची दिसत नसताना त्याने यापेक्षा काय करायला हवं होतं? माझं म्हणणं, त्याच्या जागी दुसरा कोणीही हेच बोलला असता, आणि दुसऱ्या कोणत्याही संध्याकाळी हे पुरलं असतं.

वसमतच्या मुलीला हे मान्य नाही. तिचं म्हणणं असं: ‘किती मैल?’ हा प्रश्न आला तिथेच कंट्रोलरने ओळखायला हवं होतं की पलीकडच्याला पूर्ण वाक्य कळलेलं नाही. अंतर त्याने नुकतंच सांगितलेलं असणार किंवा सांगायच्या बेतात असणार, तरी तो तेवढंच विचारतोय. मग १४ मैल सांगितल्यावर उत्तर आलं नाही, ही दुसरी खूण. तिसऱ्या खेपेला त्याने आधी ‘तुमची लेव्हल सांगा’ म्हणायला हवं होतं आणि समोरच्याचा आकडा त्यानंतर द्यायला हवा होता. निदान ‘१४०’ नंतर ‘तुम्ही १५०’ म्हणून वाक्य संपवायला हवं होतं, म्हणजे कानात शेवटचा आकडा त्याचा स्वतःचा राहिला असता.

तिच्या दुसऱ्या सूचनेवर मला काही बोलता येत नाही, ती चांगली आहे. पहिलीवर माझी हरकत आहे. त्या वेळी ‘तुमची लेव्हल?’ विचारलं असतं तरी उत्तर मागच्या खुर्चीवरून आलं असतं, आणि तो माणूस मान वर न करता, वहीत लिहिलेला आकडा वाचून ‘१५०’ म्हणाला असता. ती म्हणते, विचारल्यावर त्याने एकदा तरी वाकून काटा बघितला असता, आणि मिनिटभर आधी बघितला असता. आम्ही खुर्च्या पुन्हा मांडून दोन्ही प्रकारे करून पाहिलं. एका मुलाने वाकून बघितलं, दुसऱ्याने वहीतूनच वाचलं. पुढच्या बॅचला मी काटा पुढच्या दोघांच्याही हातातून काढून घेऊन कॅप्टनच्या एकट्याच्या हातात देणार आहे आणि सहवैमानिकाला मोठ्याने आकडे म्हणायला लावणार आहे. तिने मागच्या खुर्चीवर स्वतः बसायचं कबूल केलंय.